व्हर्टोव्हचे कागद मिळाले, पण तो रकाना काही सुटेना

सोव्हिएत चित्रपट दिग्दर्शक झिगा व्हर्टोव्हचे कागद बघायला मिळणं महाकठीण, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. तसं काही नाही. व्हिएन्नात अल्बर्टिनाच्या इमारतीत ऑस्ट्रियन फिल्म म्युझियम आहे, त्यांच्याकडे त्याचा मोठा संग्रह आहे. विषय आणि कारण लिहून ई-मेल केला, वेळ मिळाली, कागद समोर आले. सगळा ताप झाला तो नंतर, एका फॉर्मपायी.

जर्मनीत पीएचडीचा प्रबंध प्रसिद्ध केल्याशिवाय पदवी पदरात पडत नाही. माझ्या प्रबंधात व्हर्टोव्हच्या हस्ताक्षरातली काही पानं छापायची होती. माझ्या विद्यापीठातलं जे कार्यालय हे काम बघतं, त्यांचा चित्रांसाठी वेगळा फॉर्म आहे आणि त्यात ‘कॉपीराइटधारकाची सही’ हा रकाना सक्तीचा. व्हर्टोव्ह १९५४ साली वारला. युरोपीय संघात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो, म्हणजे त्याचा २०२४ अखेर संपला. हे मी पत्रात सविस्तर लिहिलं. उत्तर आलं: रकाना रिकामा आहे. पुन्हा लिहिलं, तर म्हणे वारसाची सही आणा. मग म्हणे म्युझियमची आणा. अहो, म्युझियमकडे कागद आहेत, म्हणून ते स्कॅन देतात आणि श्रेय कसं छापायचं ते सांगतात. जो हक्क उरलेलाच नाही, त्याचे धारक म्हणून त्यांनी सही कशी करायची? शेवटी मी प्रत्यक्ष जाऊन हेच सगळं सांगितलं. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि त्याच रकान्यावर बोट ठेवलं. आजही ते बोट आठवलं की डोकं तापतं. छपाईची तारीख पुढे ढकलावी लागली ती निव्वळ या एका चौकोनामुळे.

हे कागद बघायला जाण्याआधी एक करा: रशियन हस्ताक्षर वाचायचा सराव. छापील रशियन येतं म्हणून भागत नाही. हातानं लिहिताना ई, श, ल, म ही अक्षरं सारख्याच वाकड्या रेघांची माळ होऊन जातात आणि कुठे एक संपून दुसरं सुरू झालं ते कळत नाही. त्यात मी पाहिलेल्या एका पानावर शॉटची यादी होती, निम्म्या ओळींवर काट, समासातून बाण काढून क्रम बदललेला. मॉन्टाज, म्हणजे शॉट एकमेकांना जोडून अर्थ उभा करणं, काय असतं ते त्या बाणांत दिसतं.

आणि हे कागद आपल्यापर्यंत आले ते एलिझावेता स्विलोव्हामुळे. ती व्हर्टोव्हची बायको आणि संकलक. १९२९च्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’मध्ये संकलनाच्या टेबलावर फिल्मच्या पट्ट्या लावताना दिसते ती हीच. नवऱ्याच्या माघारी तिनं हा सगळा पसारा जपला, त्यातला काही भाग व्हिएन्नाला दिला. तिनं इतक्या निष्ठेनं सांभाळलेली पानं एका रकान्यापायी प्रबंधातून गाळायची माझी अजिबात तयारी नव्हती.

सुटका केली विद्यापीठाच्याच ग्रंथालयातल्या, कॉपीराइटचं काम बघणाऱ्या गृहस्थांनी. त्यांनी सांगितलं, सहीच्या जागी ‘संरक्षणाची मुदत संपली’ असं लिहा, शेजारी मृत्यूचं वर्ष टाका, खाली कागदाचा संग्रहक्रमांक आणि सोबत म्युझियमचा ई-मेल जोडा. फॉर्म लगेच मंजूर झाला! इतकंच हवं होतं तर ते फॉर्मवर छापायला काय हरकत होती?

म्हणून कागद बघतानाच प्रत्येकाचा संग्रहक्रमांक उतरवून घ्या, आणि स्कॅन मागतानाच ‘छापायला आमची हरकत नाही’ हे वाक्य लेखी मागून घ्या. शक्यतो आधी कुठेतरी छापलेलीच पानं निवडा. कधीच प्रसिद्ध न झालेला मजकूर मुदत संपल्यावर जो पहिल्यांदा प्रसिद्ध करतो, त्याला युरोपात त्यावर २५ वर्षांचा हक्क मिळतो, आणि तो प्रश्न निघाला की पुन्हा पत्रापत्री.

चित्रपटातल्या फ्रेम छापायच्या असतील तर त्यांचा फॉर्म वेगळा भरा. चित्रपटाची मुदत दिग्दर्शक, पटकथाकार, संवादलेखक आणि चित्रपटासाठी संगीत देणारा यांच्यातला जो शेवटी वारला त्याच्यापासून मोजतात. ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’चा कॅमेरामन मिखाइल कॉफमन १९८० साली गेला, पण तो या हिशेबात येत नाही. फोटोचं मात्र निराळं: तो ज्यानं काढला त्याचं मृत्यूचं वर्ष शोधावं लागतं.