मग परत का जात नाहीस?

तुम्ही विचारलंत म्हणून. एरवी हा प्रश्न मी हसण्यावारी नेते. न्यू जर्सीतल्या एडिसन गावचा मामा, ठाण्याची मावशी, इथे स्टुटगार्टला गाड्यांच्या कंपन्यांत आलेली पुण्याची मुलं, सगळे फिरून फिरून तिथेच येतात: जर्मनांची एवढी टिंगल करतेस, हातात अमेरिकेचा पासपोर्ट आहे, मग परत का जात नाहीस?

पहिली गोष्ट, ती टिंगल नाही. बरं, आहे थोडी. नवीन आले तेव्हा न्यू जर्सीच्या मैत्रिणींना मी लांबलचक ईमेल लिहायचे. आता ते माझे मलाच वाचवत नाहीत. रविवारी दुकानं बंद म्हणजे केवढा अन्याय! (रविवारच्या विश्रांतीचं कलम जर्मनीच्या 1919 च्या वायमार घटनेतलं, आजच्या घटनेने ते जसंच्या तसं ठेवलंय. तेव्हा ठाऊक असतं तर आणखी एक विनोद केला असता, एवढंच.) रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्यापाशी थांबलेली माणसं, बाटलीमागे 25 सेंटांची अनामत परत मिळवायला रांगेत उभे सुटाबुटातले साहेब, कडाक्याच्या थंडीत सताड उघड्या खिडक्या. त्या ईमेलमध्ये अमेरिका मात्र कुठेच विचित्र नव्हती. ग्लासात पाण्यापेक्षा बर्फ जास्त, बँकेचं काम गाडीतून न उतरता, हे विचित्र वाटायला मला इथे यावं लागलं. माणूस कुठेही राहो, नागरिक आहे म्हणून त्याच्या कमाईवर हक्क सांगणारे देश जगात मोजकेच, अमेरिका आणि एरिट्रिया त्यांतले. हा किस्सा एडिसनला सांगितला की कोणी हसत नाही.

तुम्हाला खरं तर 'केरवोखे'चाच किस्सा हवा असतो. इमारतीत प्रत्येक घराची झाडलोटीची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी, आठवडा संपला की ती पुढच्या दाराला. जिना, तळघर, समोरचा फुटपाथ, हिवाळ्यात त्यावरचा बर्फ. कोलंबस आपल्याकडे यायला निघून भलतीकडे लागला त्याच 1492 साली इथे घाण कधी उचलायची याचे नियम होत होते, हे वाक्य मी नेमकं कुठे टाकायचं ते मला पाठ आहे. गावाने सक्ती 1988 मध्ये उठवली, पण घरभाड्याच्या करारांत ती अजून ठाण मांडून आहे.

एक भाग मात्र मी गाळते. बाबा गेले तेव्हा पाटी माझ्या दाराला होती.

फोन पहाटे आला. मिळेल त्या विमानाने निघाले, पाटीकडे लक्षही गेलं नाही. एडिसनला घर भरलेलं. काकूंनी पिठलं-भात आणला, समोरच्या घरातून लझान्याचा ट्रे आला. जो तो म्हणाला, काही लागलं तर सांग. मी काही सांगितलं नाही आणि पुन्हा कोणी विचारलं नाही. तक्रार नाही, मीही लोकांना तेवढंच म्हणत आलेय.

परतले तर खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यातच भेटल्या. सत्तरी ओलांडलेल्या. पाटी त्यांच्या दाराला. का गेले होते ते मी सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, वडील किती वर्षांचे होते, काय करायचे, विचारलं. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "तुमचा आठवडा मी केला. पुढच्या महिन्यातला माझा तुम्ही करा." आणि तारीख सांगितली.

दार लावून मी संतापाने रडले. मनातल्या मनात आजवरचा सगळ्यात जहरी ईमेल लिहिला, पाठवला मात्र नाही. पुढच्या महिन्यात बादली घेऊन त्यांचा जिना पुसायला बसले. त्या बाहेर आल्या, कोपरा राहिलाय म्हणाल्या. मी तो पुसेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या आणि बाबांचं आजारपण कसं सुरू झालं ते विचारलं. पहिल्यापासून, क्रमाने. ओलं फडकं हातात धरून मी सगळं सांगत बसले. एडिसनला ते कोणाला सांगितलं नव्हतं.

लगेच डोळे पुसू नका. पुढच्याच आठवड्यात सायकल कुठे लावायची यावरून त्यांनी माझ्या दाराला चिठ्ठी डकवली होती.

मामाला हे सांगितलं तर म्हणाला, दगड आहे बाई. मावशी म्हणाली, सुतकात कोणी असं बोलतं का? जर्मन सहकाऱ्याने एवढंच विचारलं, "मग केलास का त्यांचा आठवडा?"

म्हणून मी इथे राहते, असं म्हणायचा मोह होतो. पण नोकरी आहे, मुलाची शाळा आहे, आणि त्या दिवशी जिन्यात जे झालं ते मायेने की हिशेबाने, हे मला आजही सांगता येत नाही. आई एडिसनला एकटी आहे, हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते पुन्हा ऐकवू नका. जाईनही कदाचित. आणि किस्से नको असतील तर तसं सांगा. दिवाळीच्या फराळाला "अजून एक सांग" म्हणणारे तुम्हीच होतात.