सात त्रिक एकवीस

‘एकवीस गिअरची आहे,’ असं सांगताना सायकलच्या मालकाच्या आवाजात थोडी ऐट येतेच. पुढे तीन चकत्या, मागे सात. सात त्रिक एकवीस. पाढा बरोबर, हिशेब फसवा. समजा, पुढे 48, 38 आणि 28 दात्यांच्या चकत्या आहेत आणि मागे 14 पासून 28 पर्यंत. चेन पुढे 48 वर आणि मागे 24 वर असली, की पेडलच्या एका फेरीत मागचं चाक दोनदा फिरतं. पुढे 28 आणि मागे 14 घेतली, तरी दोनदाच! मोजले दोन, मिळाला एक.

त्यातही ही छोटी-छोटीची जोडी टाळलेलीच बरी. चेन तिरकी धावते, सैल पडते. मोठी-मोठी केली तर उलट ताणून निघते. दोन्हीकडे झीज आहेच, शिवाय चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या डिरेलरच्या पत्र्याला घासून खरखर सुरू होते ती वेगळीच. अशा जोड्या नि पुनरुक्ती वगळली, तर कामाचे गिअर डझनभर उरतात. मला तेही पुष्कळ वाटतात.

नवख्याला वाटतं, जड गिअर म्हणजे वेग. मग तो दातओठ खाऊन पेडल रेटतो आणि गुडघे कुरकुरायला लागतात. सराईत माणूस मिनिटाला 80-90 फेऱ्या मारतो, त्याही हलक्या पायाने. रस्ता चढो की उतरो, पायांची लय शक्यतो तीच.

खरी परीक्षा चढाची. मागचा डिरेलर चेनच्या खालच्या, सैल बाजूला हलवतो. पुढच्याला मात्र वरची, ताणलेली बाजू ढकलावी लागते. त्यामुळे ऐन चढावर, सगळा जोर पेडलवर असताना पुढची चकती बदलायला गेलात, तर नुसतं कर्रर्र ऐकू येतं. चढ समोर दिसला की अर्धी फेरी पाय हलका सोडावा आणि लीव्हर दाबावा. चेन मुकाट्याने उतरते. पाय एकदम मोकळे फिरायला लागले, तर मागे एखादं घर जड करून घ्यावं.

या सोयीला टूर द फ्रान्समध्ये 1937 पर्यंत मज्जाव होता. शर्यत पायांनी जिंकावी, यंत्राने नव्हे, असा भरवणाऱ्यांचा हट्ट. मागच्या चाकाला दोन बाजूंनी दोन वेगळ्या चकत्या असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढून उलटं बसवायचं, माथ्यावर पुन्हा तेच. यंत्राला नाही म्हणायचं आणि पान्याला हो, हा न्याय मला काही कळत नाही.

आपल्याला उतरावं लागत नाही, फक्त सिग्नलपाशी थांबण्याआधी हलक्या गिअरवर यायचं असतं, कारण चेन फिरत असेल तरच ती सरकते. उभ्या सायकलवर लीव्हर दाबला तर काहीच होत नाही. मग हिरवा दिवा लागतो, स्वार पेडलवर अख्खं वजन टाकतो आणि सगळे थकलेले बदल चेन एकदम उरकायला घेते: खाड्कन!