जळालेला मॉडेम आणि लॅपटॉपचे साउंड कार्ड

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष शीतगृहात तापमानाची नोंद ठेवणारा जुना डेटा लॉगर आहे. त्याच्याकडून आकडे मागवायचे तर टेलिफोन लाइनवरूनच. गेल्या पावसाळ्यात विजेच्या झटक्याने नाशिकच्या सातपूर येथील कार्यालयातला, सेकंदाला ३०० बिट वेगाचा मॉडेम, म्हणजे संगणक आणि टेलिफोन लाइन यांना जोडणारे उपकरण, जळाला. मी पोहोचलो तेव्हा मालकांनी विचारले, "साहेब, एवढा लॅपटॉप आहे, तर मॉडेमचे काम सॉफ्टवेअर करणार नाही का?"

प्रश्न रास्त होता. मॉडेमचे निम्मे काम शुद्ध गणित आहे: बिटचे स्वर करायचे आणि आलेल्या स्वरांतून बिट ओळखायचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेले स्वस्त मॉडेम हे गणित संगणकाच्या प्रोसेसरवरच टाकत आणि तरीही व्ही.९० या मॉडेम-मानकाचा ५६ किलोबिटचा वेग देत. उरलेले निम्मे काम तारेचे आहे: ४८ व्होल्टची लाइन उचलून धरणे, घंटीचा उच्च दाब सोसणे आणि संगणकाला लाइनपासून विलग ठेवणे. ते कोणत्याही प्रोग्रॅमला जमणारे नाही.

म्हणून मी साध्या फोनचा रिसीव्हर उचलून ठेवला, धारित्र (कपॅसिटर) आणि ६०० ओहमचा विलगीकरण ट्रान्सफॉर्मर यांच्यामार्फत लॅपटॉपचे साउंड कार्ड लाइनला जोडले आणि 'मिनिमोडेम' हा मुक्त प्रोग्रॅम सुरू केला. नंबर हाताने फिरवला. पलीकडून उत्तराचा स्वर स्पष्ट ऐकू आला, पण पडद्यावर एकही अक्षर उमटेना. अर्धा तास मी ट्रान्सफॉर्मरलाच दोष देत होतो. चूक निराळीच निघाली. ३०० वेगाला हा प्रोग्रॅम आपणहून अमेरिकेच्या बेल १०३ पद्धतीचे १०७० आणि १२७० हर्ट्झ स्वर धरतो, तर लॉगर व्ही.२१ पद्धतीने १६५० आणि १८५० हर्ट्झवर बोलत होता. शिवाय बेलमध्ये '१' चा स्वर वरचा असतो, व्ही.२१ मध्ये खालचा. ऐकण्यासाठी १६५० व १८५० आणि पाठवण्यासाठी ९८० व ११८० असे स्वर दिले, तेव्हा आठवडाभराची तापमाने ओळीने उतरू लागली. दोन्ही दिशांचे स्वर वेगळे असल्याने स्वतःचाच प्रतिध्वनी आड आला नाही. ३३.६ किलोबिटच्या व्ही.३४ पद्धतीत दोन्ही बाजू स्वरांच्या एकाच पट्ट्यात बोलतात, तिथे प्रतिध्वनी वजा करण्याचे अवघड गणितही प्रोग्रॅमला करावे लागले असते.

काम संपल्यावर रिसीव्हर मी हातानेच खाली ठेवला. पण आकडे रोज रात्री दोन वाजता मागवायचे, आणि तेव्हा तो उचलायला कोणी नसणार, म्हणून लाइन आपोआप उचलणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) असलेला यूएसबी मॉडेम मी त्याच संध्याकाळी मागवला.