हे काय बांधताय?

दिवाळीनंतरच्या एका दुपारी, मिस्त्री जेवायला गेले असताना, मी फक्कीने आखलेल्या चार रेघांच्या मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलो होतो. रेघा माझ्या घरगुती कारखान्याच्या आणि गाडीच्या खोलीच्या होत्या, १५ बाय ३० फुटांच्या, आणि त्या मला फारच लहान वाटत होत्या. जमिनीवर आखलेली कोणतीही खोली लहानच दिसते आणि भिंती उभ्या राहिल्या की ती आपोआप मोठी होते, हे आयुष्यात एकदा तरी घर बांधलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मलाही ते ठाऊक होते. चौतीस वर्षे टूलरूममध्ये काढल्यामुळे मापावर विश्वास ठेवावा की डोळ्यांवर, असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्या दुपारी मात्र मी डोळ्यांवर विश्वास ठेवला. मिस्त्री जेवून परत आले, तेव्हा १५ बाय ३० चे २० बाय ४० झाले होते, म्हणजे ४५० चौरस फुटांचे ८०० झाले होते, आणि हे मी घरी सांगितलेले नव्हते.

मिस्त्रींनी काहीही न विचारता खुंट्या उपटून पुन्हा ठोकल्या. काटकोन साधण्यासाठी त्यांनी एका बाजूला ६ फूट, दुसऱ्या बाजूला ८ फूट अशा खुणा केल्या आणि तिरका टेप १० फुटांवर आणून ठेवला. मोठ्या कामात गुण्या पुरत नाही, तिथे ही जुनी युक्ती बरोबर काम देते. माझे तेवढ्याने समाधान होईना, म्हणून मी दोन्ही कर्ण मोजायला लावले. २० बाय ४० चा कर्ण ४४ फूट ८ इंच आणि वर साधारण ५ सूत भरायला हवा. एक तसा भरला, दुसरा चांगला एक इंच जास्त भरला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, “काका, एवढं प्लास्टरमध्ये जातं.”

या वाक्याने माझी झोप उडवली आहे. आमच्या धंद्यात काहीही प्लास्टरमध्ये जात नसे. कापलेले लोखंड परत जोडता येत नाही, त्यामुळे लेथवर लोखंड कातणारा टर्नर मनुष्य शेवटच्या कापाला श्वास रोखून धरतो, आणि इथे एक अख्खा इंच, म्हणजे आठ सूत, गिलाव्याखाली सुखाने नांदणार होता. मी हट्टाने खुंट्या चार वेळा हलवायला लावल्या. चौथ्या वेळी दोन्ही कर्ण जुळले, तेव्हा मिस्त्रींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तीत आदर नक्कीच नव्हता.

पाया खणायला सुरुवात झाली आणि लोक थांबू लागले. जुन्नर तालुक्यातल्या ज्या रस्त्याकडेला माझा हा तुकडा आहे, त्या रस्त्याने जाणारा मनुष्य बांधकाम दिसले की दुचाकी बाजूला घेतोच. “हे काय बांधताय? पोल्ट्री का?” पोल्ट्री नाही म्हटल्यावर कांदा चाळ, कांदा चाळ नाही म्हटल्यावर गोठा, आणि एका गृहस्थांनी तर मंगल कार्यालयाची चौकशी करून तारीखही विचारली. मी घरगुती कारखाना आणि गाडीची खोली बांधतो आहे, हे मला कोणालाही नीट सांगता आले नाही. ग्यारेज म्हटले की तेलकट जमीन, टायरांची चळत आणि जुन्या इंजिनावर बसून चहा पिणारा पोरगा डोळ्यांसमोर येतो. वर्कशॉप म्हटले की आयटीआय. शेवटी मी ‘शेड’ असे म्हणू लागलो. शेड म्हटले की विचारणारा समाधानाने निघून जातो.

आमच्या व्यवसायातल्या माणसाला असे काही बांधताना किर्लोस्करवाडी आठवतेच. १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंग काढून कारखाना वसवला. मला पेरूचे एक झाड काढायचे होते, आणि त्यावरूनही घरात दोन दिवस अबोला होता.

अबोल्याचे खरे कारण झाड नव्हे, आकार होता. बायकोने हिशेब करून दाखवला की माझ्या गाडीला, लेथला आणि ड्रिलला मिळून जेवढी जागा मिळणार आहे, तेवढ्यात माझ्या लहानपणच्या साडेसहा खोल्या बसल्या असत्या. हिशेब बरोबर होता. गिरणगावातल्या चाळीत आमची खोली १० बाय १२ ची होती, आणि वडिलांचा सगळा कारखाना खाटेखालच्या एका लोखंडी पेटीत मावत असे. ते गिरणीत फिटर होते. रविवारी सकाळी पेटी खाटेखालून ओढली जाई, तेव्हा फरशीवर होणाऱ्या खरखरीने मजल्यावरच्या बायकांना निरोप पोचे आणि कोणी स्टोव्ह, कोणी दांडी मोडलेली छत्री, कोणी गजर न होणारे घड्याळ घेऊन आमच्या दारात येत असे.

वडिलांकडे पाने होते, कानशी होत्या, छिन्न्या होत्या, पण काम घट्ट आवळून धरणारा शेगडा, म्हणजे व्हाइस, नव्हता, आणि असता तरी तो बसवायचा कशावर? खोलीचे दार हाच त्यांचा शेगडा होता. बिजागरीच्या बाजूला दार आणि चौकट यांच्यामध्ये जी फट पडते, तिच्यात ते सळई किंवा नळी धरत आणि दार ओढून घेत, की ती घट्ट आवळली जाई. मग आतून दार दाबून धरायला एक माणूस लागे, आणि तो मी असे. दाराला पाठ लावून, पाय फरशीवर रोवून मी उभा राही आणि पलीकडे कानस चालू झाली की तिची थरथर माझ्या पाठीच्या कण्यातून वर चढे. तेवढा वेळ खोलीत कोणाला शिरता येत नसे आणि बाहेरही पडता येत नसे. पाणी भरून आलेली आई हातात कळशी घेऊन गॅलरीत तिष्ठत राही. एकदा गावाहून आलेले मामा पाव तास वळकटीवर बसून राहिले, कारण वडिलांना हातातले काम सोडवत नव्हते. आमच्या चौकटीला त्या बाजूने ओळीने खळगे पडले होते. मी मोठा होऊन खोली सोडली, तेव्हाही ते तसेच होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांपैकी वडील एक होते. त्याआधी त्यांनी दुरुस्तीचे पैसे कधी घेतले नव्हते. संपाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात त्यांनी स्टोव्हचा वॉशर बदलून दिला आणि मान वर न करता “आठ आणे द्या” असे म्हटले. त्या बाईंनी ते लगेच काढून दिले. नंतर त्या आल्या नाहीत, कारण त्यांच्याही घरातला पगार बंद झालेला होता. त्या वर्षी पेटी रोज बाहेर निघत असे, आणि स्टोव्ह मात्र कमी कमी येत गेले.

गिरणीचे छप्पर करवतीच्या दातांसारखे असे आणि त्या दातांची काच उत्तरेकडे तोंड करून असे. उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही, फक्त उजेड येतो, त्यामुळे तुटलेला धागा सावलीशिवाय दिसतो, हे वडील आम्हांला जेवताना सांगत. माझ्या शेडच्या उत्तरेकडच्या भिंतीला मी सलग बारा फुटांची खिडकी घेतली. तिची किंमत इथे लिहीत नाही.

मला सर्वांत जास्त छळले ते जमिनीने. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मुरूम लागेपर्यंत साडेचार फूट खाली जावे लागले. मग जोत्यात मुरूम थराथराने भरला, पाणी मारून धुमसला, त्यावर दगडी सोलिंग आणि काँक्रीट आले. इथे माझ्या आराखड्यातली मूळ विसंगती उघडी पडली. गाडीच्या जमिनीला शटरकडे उतार हवा, नाही तर गाडी धुतल्यावर पाणी आतच तुंबते. शंभरास एक असा उतार धरला, तर वीस फुटांत जवळपास अडीच इंच. यंत्राच्या जमिनीला मात्र उतार मुळीच चालत नाही. लेथचा बेड किंचित जरी पिळला गेला, तरी घेतलेला काप सरळ न येता निमुळता येतो. एकाच छपराखाली अर्धी जमीन उतरती आणि अर्धी पाणसळ, आणि त्यातही लेथखालचा चौथरा उरलेल्या जमिनीपासून सुटा, हे मिस्त्रींना समजावताना मला तीन दिवस लागले. गाडीखाली उभे राहून काम करायच्या खड्ड्याचा नाद मी लवकर सोडला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती खड्ड्यात जाऊन बसते, हे कारण मी लोकांना देतो. घरातले कारण नातू हे आहे.

शेड आता पूर्ण झाली आहे. मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा भरला आहे, पण थ्री फेजचे मीटर यायचे आहे, आणि मीटर नाही म्हणून लेथ अजून विकणाऱ्याच्याच दारात ताडपत्रीखाली आहे. पलीकडे खोडदला आणि त्याच्या आसपास रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. एवढ्या मोठ्या जागेचे काय करता, असे त्यांना कोणी विचारत नसावे.

परवा दुपारी आभाळ अचानक भरून आले आणि शेजारचे शेतकरी धावतच आले. त्यांचा उन्हाळी कांदा काढून रानातच पडलेला होता आणि चाळीचे पत्रे अजून बसायचे होते. मी शटर वर केले. शटरच्या बाजूने झड येईल म्हणून त्यांनी कांदा आतल्या, पाणसळ अर्ध्यात ओतायला घेतला. ट्रॉलीच्या तीन खेपा झाल्या. शेवटची खेप झाल्यावर त्यांनी कांद्याखालून दिसणाऱ्या जमिनीवर तळहात फिरवला आणि म्हणाले, “अण्णा, जमीन काय सपाट केलीय हो.” एवढ्या महिन्यांत हे म्हणणारे ते पहिलेच.

“किती दिवस ठेवू?” त्यांनी विचारले.

मी म्हणालो, “मीटर येईपर्यंत राहू द्या.”