लाली कुठे आहे, ते आधी बघा

गोव्यात जून लागला की लंगोट वाळत नाहीत, आणि दमट कापडाखाली बाळाची कातडी लाल होते. पावडर मारण्याआधी जांघेची घडी उलगडून बघा. लाली फुगीर भागावर आहे आणि घडी कोरी आहे, तर तो बहुधा शी-शूचा दाह. कोमट पाण्याने धुवा, न घासता टिपून घ्या, झिंक ऑक्साईडच्या मलमाचा जाड थर द्या आणि थोडा वेळ उघडं ठेवा. घडीच्या आतही गडद लाल आणि कडेला सुटे बारीक फोड असतील, तर बुरशी. तिला क्लोट्रिमॅझोलसारखं मलम लागतं. घोळ होतो तो इथेच. घरात पडलेली स्टेरॉइडमिश्रित ट्यूब लावली की लाली उतरल्यासारखी वाटते, बुरशी मात्र आत पसरत राहते.

तळहात-तळपायांवर फोड, आणि रात्री घरात आणखीही कोणी खाजवतंय? खरूज असू शकते. डॉक्टरांनी दिलेलं औषध सगळ्या घराने एकाच दिवशी लावायचं. घामोळ्यांना वारा पुरतो, तेल चोपडू नका.

ताप आहे आणि ठिपके जांभळट? त्यांवर काचेचा पेला दाबा. बाळ सावळं असेल तर तळव्यांवर आणि खालच्या पापणीच्या आत बघा. ठिपके काचेखालीही पुसट होत नसतील, तर सकाळची वाट न बघता जवळचं इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) गाठा.