लॅमिनेट करू का?

घरात जुने कागद सापडले की नातेवाईक मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला: "लॅमिनेट करून घेऊ ना? म्हणजे टिकेल." तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. नको.

आजोबांचा मॅट्रिकचा दाखला मी वीसेक वर्षांपूर्वी असाच लॅमिनेट करून आणला, मोठ्या हौसेनं. आज तो प्लास्टिकच्या आत चहासारखा तपकिरी झालाय आणि घडीवर तडकलाय. सोलायला जावं तर अक्षरंही प्लास्टिकबरोबर निघतील.

गंमत म्हणजे त्याच ट्रंकेत खापरपणजोबांची मोडीतली कर्जखतं होती. दाखल्याहून कितीतरी जुनी, तरी कागद अजून लवचीक. तो चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद, शाई काजळाची. ही शाई उजेडानं उडत नाही. पाण्यानं मात्र जाते. काकूनं धूळ पुसायला ओला फडका फिरवला आणि एक अख्खं पान गेलं. दाखल्याचा कागद गिरणीचा, लाकडाच्या लगद्याचा, वर तुरटी-राळेची खळ. असा कागद स्वतःच्याच आम्लानं झिजतो. मी त्याला आधी गरम रोलरमधून काढलं, मग ते आम्ल आतच कोंडलं.

मग ठेवायचं कसं? टाचण्या आणि रबरबँड काढा. सेलोटेप ओढू नका, तिला जाणकाराचा हात लागतो. कागद उलगडून अ‍ॅसिड-फ्री पाकिटात आडवे ठेवा. पारदर्शक पाकीट हवंच असेल तर पॉलिएस्टरचं घ्या. स्टेशनरीच्या दुकानातल्या स्वस्त पीव्हीसी फायली झेरॉक्सची अक्षरं स्वतःवर उचलून घेतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. फोटोंच्या मागे लिहायचं ते पेन्सिलीनं, हलक्या हातानं.

अ‍ॅसिड-फ्री पाकिटं महाग पडतात, मान्य. तोवर जुनी रीत आहेच: सुती रुमाल. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांतच बांधलेले. फक्त नवं कापड आधी दोनदा धुऊन खळ काढा, कसरीला खळ फार आवडते.

आणि माळा नको, बाहेरची भिंतही नको. आषाढात तिथे हात लावून बघा, कळेल. आमची कर्जखतं आता मधल्या खोलीतल्या कपाटात, मधल्या खणात असतात.

दाखला अजून त्याच प्लास्टिकमध्ये आहे. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय. कुणाचा फोन आला की आधी तो पाठवते.