रिफ्रेश कम्प्लीटेड, पण आकडे कालचेच

परवा सकाळी परत तोच मेसेज, "डॅशबोर्डवर कालचेच आकडे दिसतायत." आमचे रिपोर्ट पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या टूलमध्ये आहेत, मी त्याची रिफ्रेश हिस्ट्री, म्हणजे डेटा नव्याने कधी ओढला त्याची यादी, उघडली तर सहाचा रन कम्प्लीटेड, एरर नाही, काही नाही. मग मी तेच केलं जे सगळेच करतात, रिफ्रेश नाऊ दाबलं, आणि पाच मिनिटांत आकडे बरोबर आले. लोक खूश झाले पण मला ते पटेना, कारण आपोआप झालेल्या रिफ्रेशला जे जमलं नाही ते हाताने दाबल्यावर कसं जमलं? आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

तर आधी बटण दाबायचं थांबवा. एकदा दाबलं की पुरावाच जातो. त्याऐवजी कुठलाही एकच आकडा धरायचा, उदाहरणार्थ शेवटच्या ऑर्डरची तारीख, आणि तो मूळ डेटाबेसमध्ये काय आहे, डेटाफ्लोमध्ये (मूळ डेटा उचलून साफ करून ठेवणारा मधला टप्पा) काय आहे, मॉडेलमध्ये (ज्यावरून रिपोर्ट आकडे घेतो) काय आहे आणि रिपोर्टवर काय दिसतोय असं ओळीने बघत यायचं. जिथे तो पहिल्यांदा जुना दिसतो तिथेच घोळ, त्याच्या आधीच्या टप्प्यांत नाही, हे पक्कं.

आमच्याकडे तो डेटाफ्लोमध्येच जुना होता. डेटाफ्लोचं शेड्यूल साडेपाचचं, मॉडेलचं सहाचं, मधे अर्धा तास, म्हणजे भरपूर वेळ आहे असं मीच ठरवलं होतं. पण शेड्यूलची वेळ म्हणजे काही रेल्वेचं टाइमटेबल नाही, साधारण पंधरा मिनिटांत सुरू करायचा प्रयत्न असतो आणि गर्दी असेल तर तासभरसुद्धा उशीर होऊ शकतो. डेटाफ्लो उशिरा सुटला, मॉडेल वेळेवर सुटलं, त्याने डेटाफ्लोमधला कालचा माल उचलला आणि कम्प्लीटेड म्हणून मोकळं झालं. त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं, क्वेरी चालली, ओळी आल्या, त्या कधीच्या आहेत हे ते तपासतच नाही. मधलं अंतर वाढवून हे सुटत नाही, फक्त कमी वेळा होतं. आता पॉवर ऑटोमेटमध्ये (एक काम झालं की दुसरं आपोआप सुरू करणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) डेटाफ्लो पूर्ण झाला की मगच मॉडेलचा रिफ्रेश सुटतो अशी साखळी लावलीय.

दुसरा एक प्रकार याहून त्रासदायक, कारण तिथे नवीन आकडे येतात आणि जुने चुकीचे राहतात. इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावलेला असतो, म्हणजे सगळा डेटा नाही, फक्त अलीकडच्या दिवसांची एक खिडकीच परत वाचायची, समजा मागच्या दहा दिवसांची, आणि कोणीतरी महिन्यापूर्वीची ऑर्डर आज रद्द करतं. ती ओळ त्या खिडकीच्या बाहेर, म्हणजे ती परत वाचलीच जात नाही. शेवटची तारीख आजची दिसते त्यामुळे कोणाला शंका येत नाही, आणि महिन्याची बेरीज जुळत नाही म्हणून अकाउंटवाले वैतागलेले असतात. डेटा जिथपर्यंत बदलू शकतो तिथपर्यंत खिडकी ठेवायलाच लागते, रिफ्रेश हळू झाला तरी चालेल.

बाकी छोट्या गोष्टी पण बघून घ्या. सलग चार वेळा रिफ्रेश फेल झाला की शेड्यूल बंद होतं, आणि दोन महिने कोणी रिपोर्ट उघडलाच नाही तरी थांबतं. "आज" वाला रिलेटिव्ह डेट फिल्टर यूटीसीने, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने, चालतो, त्यामुळे तुमचं घड्याळ यूटीसीच्या पुढे असेल तर पहाटे उघडलेल्या रिपोर्टवर "आज" म्हणजे काल असतो, तिथे डेटा एकदम ताजा असतो आणि आपण उगाच रिफ्रेशच्या मागे लागतो. आणि तक्रार एकाच माणसाची असेल तर आधी त्याचे फिल्टर रीसेट करायला सांगा, त्याने मागे लावलेला स्लायसर (रिपोर्टवरचा निवडीचा फिल्टर) तसाच लक्षात ठेवलेला असतो.

एक कळकळीची विनंती. रिपोर्टच्या कोपऱ्यात "लास्ट रिफ्रेश" अशी वेळ लावतात ना, ती काढा. ती वेळ रिफ्रेश कधी चालला ते सांगते, डेटा कधीचा ते नाही, आणि वाचणारा तिच्यावर विश्वास ठेवून निर्णय घेतो. त्याजागी एका कार्डवर, म्हणजे एकच आकडा दाखवणाऱ्या चौकटीत, मुख्य टेबलमधल्या बदलाच्या तारखेचा मॅक्स, म्हणजे सगळ्यात अलीकडची तारीख, लावा, "डेटा अमुक वेळेपर्यंतचा" असा. मी हे परवाच केलं आणि आज सकाळी मेसेज आला, "कार्डवर कालची तारीख आहे, सोर्समध्ये काही अडकलंय का?" आणि खरंच सोर्सचाच रात्रीचा जॉब अडकला होता.